मागच्या खोलीतलं ओमान

माझा मेहुणा ओमानला गेलाय, असं मी पहिल्यांदा बोललो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत टोमॅटोच्या पिशव्या होत्या आणि जिन्यात उम्म नबील वाट अडवून उभी होती. उम्म नबील म्हणजे नबीलची आई. तिचं स्वतःचं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. तिच्या नजरेतून मात्र आमच्या जिन्यात पाव किलो लसूणही सुटत नाही.

"एवढे टोमॅटो कुणाला, मास्तर?" ती म्हणाली. "घरात माणसं दोन. तुमची बहीण आणि तिची पोर. आणि रिफअत कुठाय? दोन महिने झाले, त्याच्या चपलांचा आवाज नाही."

मी शाळेत भूगोल शिकवतो. खोटं बोलायची वेळ आली की ज्याला त्याला आपापलं शास्त्र आठवतं. सौदी म्हणावं तर चौथ्या मजल्यावरचा जावई जेद्दाला. कुवेत म्हणावं तर उम्म नबीलचा सख्खा भाऊ तिथे. दुबईत तर आमचं अर्धं दुमियात शहर जाऊन बसलेलं. माझ्या डोळ्यांपुढे अरबस्तानचा नकाशा उभा राहिला आणि बोट घसरत घसरत खाली उजव्या कोपऱ्यात गेलं.

"ओमानला," मी म्हणालो. "मस्कतला. फर्निचरच्या कंपनीत."

"असा न सांगता?"

"एकाएकी झालं."

तेवढं मात्र खरं होतं. एकाएकीच झालं होतं.

आमच्या दुमियातमध्ये कुठेही तीन माणसं जमली तर त्यातला एक सुतार असतो, एक पॉलिशवाला असतो आणि तिसरा त्या दोघांचा मेहुणा असतो. रिफअत यापैकी कुणीच नव्हता. तो फर्निचरची ड्रॉइंगं करायचा. चौदा वर्षं एका कारखान्यात त्याने कोच, पलंग, आरशाची मेजं आणि खुर्च्या कागदावर काढल्या. मग एका रविवारी तो जेवणाच्या टेबलाच्या एका साध्या खुर्चीच्या ड्रॉइंगसमोर बसला आणि संध्याकाळपर्यंत पेन्सिल टेकवली नाही. सोमवारी तेच. मंगळवारी मुकादमाने विचारलं, "काय रे, अडलंय काय?" रिफअत म्हणाला, "हिच्यावर कुणी बसणार नाही," आणि रडायला लागला. पाळी सुटली तरी थांबेना. मुकादम भला माणूस, त्याने स्वतः गाडी करून त्याला घरी आणून सोडलं आणि जाताना माझ्या बहिणीला म्हणाला, "उष्मा असेल." महिना जानेवारीचा होता.

आधी आजारपणाची रजा मिळाली, मग रजा संपली, मग त्याच्या टेबलावर दुसरा आला. मी त्याला मन्सूऱ्याला डॉक्टर मिरव्हतकडे नेलं. बाई थोडक्यात बोलणाऱ्या. "नैराश्याचा आजार आहे. औषध आहे. वेळ लागेल." दोन वर्षं चार महिने लागले.

इन्साफ, माझी बहीण, म्हणाली, "कुणाला कळता कामा नये, मुख्तार. वेडा म्हणतील. दालियाच्या लग्नात काढतील." दालिया तेव्हा सहा वर्षांची होती. पण दुमियातमध्ये लग्नाचं फर्निचर जसं मुलगी जन्मताच मनात ठरतं, तशी लग्नातली विघ्नंही तेव्हाच ठरतात. म्हणून मी ओमान काढलं.

एकदा देश काढला की तो चालवावा लागतो. रिफअत मागच्या खोलीत, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. जाडे मोजे घालून चालायचा, म्हणजे खाली पावलं ऐकू जाऊ नयेत. नळ सोडायचा असेल तर इन्साफ आधी रेडिओ लावायची. डॉक्टरकडे न्यायचं असलं की मी त्याला पहाटे जिना झोपलेला असताना उतरवायचो आणि मध्यरात्री परत चढवायचो. दालियाला आम्ही नीट पढवलं, पण ती पोर. "बाबा ओमानमध्ये झोपलेत," ती म्हणायची. उम्म नबीलला वाटायचं, केवढी हुशार मुलगी, तिथे किती वाजलेत हेही हिला कळतं.

ईद आली की जिन्यात सवाल सुरू. "येणार का?" "सुट्टी नाही मिळाली." "पुन्हा नाही?" दुसऱ्या वर्षीच्या ईदला उम्म नबील दारातच म्हणाली, "इन्साफ, रागावू नकोस, पण ओमानने त्याच्या काळजाचा दगड केलाय. पोटच्या पोरीला विसरला." हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की मागच्या खोलीत स्पष्ट ऐकू गेलं. मी तिथेच त्याच्या पलंगाशी बसलो होतो. मला वाटलं, आता हा पुन्हा रडणार. त्याने पांघरुणातून डोकं काढलं आणि म्हणाला, "मेला हा ओमानवाला. एक फोन तरी करावा माणसाने." आणि हसला. वर्ष-सव्वा वर्षात पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन उम्म नबीलला मिठाई दिली, तिला कारण कळलं नाही.

पुढे तो हळूहळू सुधारत गेला. एके दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "डाळीत मीठ कमी आहे." इन्साफने डाळीचं पातेलं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. डॉक्टरबाईंनी गोळ्या कमी केल्या आणि सांगितलं, "आता बाहेर पडा. काम शोधा. घरात बसून आणखी बरं होता येत नाही."

"बाहेर कसा पडू?" रिफअत म्हणाला. "मी ओमानला आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला वळून विचारलं, "हे गोळ्या घेताहेत ना नियमित?" मला सगळं सांगावं लागलं. त्यांनी नवा कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. तपासायचं कुणाला, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

तर आता त्याला परत आणायचं होतं. अडचण रंगाची होती. दोन वर्षं सावलीत राहून तो आमच्या दुमियाती चीजसारखा पांढरा पडला होता, आणि ओमानहून कुणी पांढरा होऊन येत नाही. शुक्रवारी सगळी इमारत मशिदीत असताना मी त्याला खाली उतरवलं आणि थेट रास अल-बरला नेलं, जिथे नदी समुद्राला मिळते. माझ्या एका सहशिक्षकाची तिथे खोली आहे. चार दिवस रिफअतला वाळूवर बसवलं. तो समुद्राकडे बघायचा आणि समुद्र उत्तरेला, त्यामुळे सकाळी उजवा गाल भाजायचा. संध्याकाळी डावा भाजावा, तर तेव्हा त्याला झोप यायची. शेवटी तो अर्धा ओमानहून आणि अर्धा मागच्या खोलीतून आल्यासारखा दिसायला लागला.

"टॅक्सीतून उजव्या अंगाने उतर," मी सांगितलं.

टपावर दोन बॅगा, आत रास अल-बरच्या बाजारातून घेतलेली दोन ब्लँकेटं, ऊद, आणि खजुराचे डबे. डब्यांवर 'सिवा' हे आपल्याच वाळवंटातलं गाव छापलं होतं, ते मी वस्तऱ्याने खरवडून काढलं. गल्लीच्या तोंडापासून टॅक्सीवाल्याला भोंगा दाबून धरायला सांगितला.

इमारत रिकामी झाली. बायकांनी जिभा फिरवून असा ललकारा केला की कबुतरं उडाली. उम्म नबील सगळ्यांना ढकलत पुढे आली, रिफअतचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती वाळलास रे! काय केलं तुला त्या लोकांनी!" आणि रिफअतला रडू कोसळलं. दोन वर्षं चार महिन्यांत घरच्या माणसांखेरीज कुणी त्याला हात लावला नव्हता. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. ती रडली, चौथा मजला रडला, टॅक्सीवाला रडला. भोंगा वाजवायला सांगितलं होतं तेवढ्यावर तो थांबला नाही, बॅगाही वर नेऊन दिल्या. रात्रीच्या जेवणाला कुणीतरी कांदा भरलेलं बदक पाठवलं. रिफअत म्हणाला, "मला ठाऊक असतं तर आधीच आलो असतो."

मग कामाचा शोध सुरू झाला. मी म्हणालो, "विचारलं तर मस्कत सांग." तो म्हणाला, "जिन्यात ओमान ठीक आहे, मुख्तार. कामाच्या जागी नको. तिथे मी खरं सांगणार. आजारी होतो, बरा झालो. यात लाजण्यासारखं काय?" मला त्याचं कौतुक वाटलं. मी दर वेळी त्याच्याबरोबर गेलो.

पहिल्या कारखान्याच्या मालकाने त्याची जुनी ड्रॉइंगं पाहून "वा, वा" केलं. मग विचारलं, "मधली दोन वर्षं?" रिफअतने सांगितलं. मालकाचा चेहरा एकदम प्रेमळ झाला. त्याने पाणी मागवलं. बोलता बोलता टेबलावरची पटाशी उचलून कपाटात ठेवली, मग कागद कापायची सुरी ठेवली, मग विचार करून स्टेपलर ठेवला. "तुमची जागा आमच्या हृदयात आहे," तो म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा टेबलावर फक्त पाण्याचा ग्लास उरला होता, आणि तोही त्याने हातात धरून ठेवला होता.

दुसरीकडे मोठं ऑफिस, संगणकाशी बसलेली एक मुलगी. "कामातला खंड, कारण," तिने वाचलं. "इथे चारच आहेत. लष्करी सेवा, परदेशी नोकरी, शिक्षण, आणि विवाह व बाळंतपण एकत्र."

"आजार," रिफअत म्हणाला.

"आजार नाहीये यात. आणि काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." ती खरंच हळहळली. "लष्करात होता का?"

"पंधरा वर्षांपूर्वी."

"मग नाही चालणार. शिक्षण?"

"नाही."

तिने बराच विचार केला. "लग्न झालंय ना तुमचं?"

आठवड्याने पत्र आलं. त्यात त्याचं अभिनंदन केलं होतं, बाळाला दीर्घायुष्य चिंतिलं होतं आणि कळवलं होतं की लहान मूल असताना या पदावरचा कामाचा ताण योग्य ठरणार नाही.

तिसरा मालक मोकळा होता. "मला वेड्यांची भीती नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे आधीच दोन आहेत. एक माझा भाऊ, दुसरा गोदामवाला. तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त."

"मी वेडा नाही," रिफअत म्हणाला. "आणि डॉक्टरांचा दाखला आहे, पूर्ण बरा असल्याचा."

"तिथेच घोळ आहे. त्या दोघांकडे दाखला नाही, म्हणून ते शहाणे. तुम्ही बरे झाल्याचा कागद आणला, म्हणजे आधी वेडे होता हे सिद्ध झालं. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, कागद वाचला नव्हता का?"

त्या दिवशी घरी येऊन रिफअत मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. इन्साफचा चेहरा उतरला. मी दारापाशी उभा राहिलो. तासाभराने तो बाहेर आला. म्हणाला, "मला वाटलं पुन्हा सुरू झालं. पण नाही. मी नुसता चिडलोय." हे सांगताना तो इतका खूश होता की इन्साफने त्याला चहात तीन चमचे साखर घातली.

इकडे आम्ही खरं सांगत हिंडत होतो, तिकडे खोटं स्वतःच्या पायांनी हिंडत होतं. उम्म नबीलने भाजीवाल्याला सांगितलं, भाजीवाल्याने पॉलिशवाल्याला, आणि ती बातमी हाज मुतवल्लींच्या कानावर गेली. हाज मुतवल्ली म्हणजे नदीपलीकडचा तीन मजली कारखाना. त्यांना ओमानी घरांसाठी मजलिसची, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याची, बैठक बनवून मस्कतला पाठवायची होती, आणि ओमान जाणणारा ड्रॉइंगवाला माणूस सबंध जिल्ह्यात मिळत नव्हता. त्यांनी घरी निरोप पाठवला.

रिफअत नको म्हणत होता. इन्साफ म्हणाली, "तू खोटं बोलू नकोस. ते स्वतःहून खोटं समजलेत. त्यांचं ते बघतील." यात तिला काही वावगं दिसेना. मी दोन दिवस त्याची तयारी करून घेतली. राजधानी, क्षेत्रफळ, अल-अख्दर पर्वत, तांब्याच्या खाणी, सलालाला उन्हाळ्यात येणारं धुकं आणि त्यामागचे वारे. त्याने सगळं पाठ केलं. तो माझ्या वर्गात असता तर पहिला आला असता.

हाज मुतवल्ली भरदार, टेबलामागे बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. त्यांच्या शेजारी एक वाळका, पिकल्या केसांचा माणूस. "हे फिक्रीसाहेब," हाज म्हणाले. "अकरा वर्षं ओमानला होते. हेच विचारतील."

अकरा वर्षं राहिलेल्या माणसाला तांब्याच्या खाणींशी काय देणंघेणं!

"कुठे राहायचात?" फिक्रींनी विचारलं.

"मस्कत," रिफअत म्हणाला. "लोकसंख्या..."

"मस्कत मोठं आहे. कुठल्या भागात? मशीद कुठली जवळ? शुक्रवारी कुठे जायचात?"

मी खुर्चीत सरसावून वाऱ्यांबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर हाजनी हात वर केला. रिफअतने मान खाली घातली, आणि मग जे बोलला ते एका शब्दानेही खोटं नव्हतं.

"मी कुठे गेलो नाही," तो म्हणाला. "एका खोलीत होतो. पलंग आणि एक खिडकी. खिडकीसमोर भिंत. शुक्रवार कधी आला, कधी गेला, कळायचं नाही. जेवण दाराशी यायचं. काही वेळा ते तसंच परत जायचं. जिन्यात माणसं बोलताना ऐकू यायची, आपलीच भाषा, पण उठून जाववत नव्हतं. वाटायचं, मी इथे मेलो तर कळायला किती दिवस लागतील. मुलीचा आवाज यायचा, आणि तो लांबून आल्यासारखा यायचा. आणखी मला काही माहीत नाही, साहेब. मी तिथलं काहीच पाहिलं नाही."

मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. फिक्रीसाहेबांकडे पाहिलं तर त्यांच्या गालांवरून धारा लागलेल्या.

"हाजसाहेब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा माणूस ओमानला होता. मी अकरा वर्षं कुणाला हे सांगू शकलो नाही. सगळ्यांना समुद्र सांगितला, रस्ते सांगितले. ही खोली कुणाला सांगितली नाही. ही तर माझीच खोली."

त्याच दिवशी त्याला घेतलं.

काम चांगलं चाललं. त्याने मजलिसची बैठक अशी काढली की पाठ टेकली की उठावंसं वाटू नये. दुपारी तो आणि फिक्री एकत्र चहा प्यायचे. फारसं बोलायचे नाहीत. दोन महिने असे गेले, आणि एका सकाळी हाजनी जाहीर केलं की मस्कतला प्रदर्शन आहे, बैठकीबरोबर रिफअत जाणार. "पासपोर्ट आणून दे. त्यावर तिथले शिक्के असतीलच, व्हिसा पटकन होईल."

रिफअतकडे शिक्के सोडा, पासपोर्टच नव्हता.

त्याने एका रात्रीत ठरवलं आणि सकाळी मला बरोबर घेऊन हाजसमोर उभा राहिला. सगळं सांगितलं. खुर्ची, रडणं, गोळ्या, मोजे, टोमॅटो. हाज बिया सोलत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कुणी फोडलं तुला?"

"अं?"

"कुठल्या कारखान्याने बोलावलं? प्रवास टाळायला माणूस आईला मारतो, मावशीला मारतो. तू स्वतःला वेडा ठरवलंस. शाबास! असा डोकेबाज माणूस मी सोडणार नाही."

"हाजसाहेब, डॉक्टरांचा दाखला आहे."

"दाखले मला नको दाखवू. माझ्या तीन पोरांना लष्करातून सोडवायला मीच तीन आणले होते. त्यातल्या एकात थोरल्याला एकच पाय आहे." त्यांनी टरफलं झटकली. "पासपोर्ट हरवला म्हणून सांग, नवा काढ. तू तिथे होतास की नव्हतास, मला काय करायचंय? आता जाशील, म्हणजे होशील."

फिक्रीसाहेबांना सांगणं मात्र त्याला जड गेलं. ते ऐकून त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे ती खोली?"

"खोली खरी होती."

"कुठे होती?"

"इथेच. नदीरस्त्यावर, तिसरा मजला."

फिक्रींनी विचार केला. "खोलीचं तू बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "देशाची चूक कुणाचीही होते." आणि त्यांनी त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

आता रिफअतला खरं सांगायची चटकच लागली होती. निघायच्या आदल्या दुपारी त्याने जिन्यात उम्म नबीलला गाठलं. "मावशी, मी ओमानला कधीच गेलो नव्हतो. मी वर मागच्या खोलीत होतो, आजारी. मन आजारी होतं. आता बरा आहे, आणि उद्या मी ओमानला जातोय."

उम्म नबीलने त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, मोत्यासारखे शब्द टाकत म्हणाली, "हो रे बाळा. जा हं. उद्या जा ओमानला." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पहाटेच्या गाडीने तो कैरोच्या विमानतळावर गेला. या वेळी ना भोंगा, ना कुणी बघणारं. तो खरंच ओमानला गेला तेव्हा इमारतीतल्या एकानेही त्याला जाताना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उम्म नबील मोठं भांडं घेऊन वर आली. कबुतराचं सूप. "कुठाय तो?" तिने कुजबुजत विचारलं.

"ओमानला," इन्साफ म्हणाली.

"हो, हो, ओमानला," उम्म नबील म्हणाली, आणि चपला काढून, पावलं न वाजवता थेट मागच्या खोलीच्या बंद दाराशी गेली. "मला कळत नव्हतं, असं नका समजू. दोन वर्षं टोमॅटो मोजलेत मी. पण त्याने स्वतः सांगेपर्यंत धीर झाला नाही." तिने खुर्ची ओढून दारासमोर घेतली. "तुझं चालू दे, इन्साफ. मी बसते थोडी याच्यापाशी. उत्तर नाही दिलं तरी चालेल."

इन्साफने मला शाळेत फोन केला. "मुख्तार, काय करू? ती दाराशी बोलतेय."

"सांग ना, आत कुणी नाही म्हणून."

"सांगितलं. ती म्हणाली, 'कळतं गं मला, मीही आई आहे.'"

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती तिथेच होती. आधी तिने दाराला हवापाणी सांगितलं, भाजीचे भाव सांगितले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी नबीलचं. नबील मिलानमध्ये इंजिनियर आहे, हे आम्ही नऊ वर्षं ऐकत आलो होतो. दाराला तिने सांगितलं की नबीलचा दीड वर्षात फोन नाही. शेवटचा आला तेव्हा तो कुठल्या गावाहून बोलत होता तेही त्याने सांगितलं नाही. ईदला त्याच्याकडून आलेला म्हणून ती सगळ्यांना वाटते तो साबण ती इथल्याच बाजारातून आणते. "तुलाच सांगते, रिफअत," ती म्हणाली. "तू कुणाला बोलणार नाहीस." इन्साफ स्वयंपाकघरात हातात डाव घेऊन उभी होती. शेगडीवरच्या भांड्यातलं करपलं, तरी ती हलली नाही.

रिफअत नवव्या दिवशी आला. मजलिसच्या चाळीस बैठकांची मागणी घेऊन, दोन्ही गाल सारखे रापलेले. जिना चढून दार उघडं पाहून तो बॅग घेऊन सरळ आत आला. मागच्या खोलीसमोर उम्म नबील खुर्चीवर बसलेली, मांडीवर वाटी.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे. पुन्हा त्याच्याकडे.

"मग आत कोण आहे?"

"कुणी नाही, मावशी."

ती उठली, दार उघडलं. पलंग, घडी केलेली ब्लँकेटं, इस्त्रीचं टेबल. ती इन्साफवर उसळली. "आठ दिवस! आठ दिवस मला मूर्ख बनवलंत! सांगता आलं नाही?"

"रोज सांगत होते," इन्साफ म्हणाली. "आणि मग तुम्ही बोलत होता. मला मध्ये बोलवेना."

उम्म नबीलने वाटी उचलली आणि ताठ मानेने खाली गेली. आठवडाभर जिन्यात तिने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. मी टोमॅटो घेऊन दोनदा तिच्यासमोरून गेलो, तिने विचारलंही नाही.

रिफअत कामाला जात होता. सकाळी अर्धी गोळी अजून घेतो, महिन्यातून एकदा मन्सूऱ्याला जातो, आणि कारखान्यात कुणी विचारलं तर सांगतो. हाज मुतवल्ली अजूनही डोळा मारून म्हणतात, "हो, हो, वेडा!" आणि त्याला कुठेही जाऊ देत नाहीत.

मग एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी बहिणीकडे चहाला बसलो असताना दार वाजलं. उम्म नबील. हातात सूप नाही, काही नाही. ती रिफअतच्या दिशेने बघत, पण त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ती खोली रिकामीच आहे ना अजून?"

"आहे," रिफअत म्हणाला.

"कुणी जात-येत नाही ना?"

"नाही, मावशी."

ती आत आली. रिफअतने खुर्ची नेऊन ठेवली, खाली पायाला गार लागू नये म्हणून चटई टाकली, आणि दाराच्या कडीला हात घालून विचारलं, "उघडं ठेवू का?"

"बंद कर," उम्म नबील म्हणाली. "उघड्या दाराशी कोण बोलतं!"